हिरव्या पानाचे निशाण

एका राज्यात माणसाला अठरावे वर्ष लागले की त्याला निशाण निवडावे लागे. राज्य कुठले ते विचारू नका; तिथली घराणी अजून नांदती आहेत, उगाच कुणाचे मन कशाला दुखवा. चैत्रातल्या एका सकाळी गावाबाहेरच्या माळावर चार निशाणे रोवत. तलवारीचे, मंत्राचे, धनुष्याचे आणि हिरव्या पानाचे. ज्याने जे धरले ते त्याचे जन्माचे काम.

तलवारीपुढची रांग माळ ओलांडून पार वेशीला टेके. मंत्रापुढे तिच्या निम्मी. धनुष्यापुढे चार-दोन अबोल पोरे. आणि हिरव्या पानापुढे एक चटई, चटईवर धुरपदा वैदीण. वीस वर्षे ती तिथे बसत होती, पण तिच्याकडे कोणी फिरकले नव्हते. एकदा एक जण आला होता, पण तो तलवारीची रांग कुठून सुरू होते हे विचारायला.

आणि हे कुठल्या राज्यात, तर जिथे जखमच भरत नसे! राजाच्या पणजोबाने उत्तरेच्या डोंगरावर कपिलाक्ष जादूगाराला भोसकले आणि त्याचा सुवर्णघट लुटून आणला. घट राजवाड्यात आला, त्याच्या मागोमाग शाप आला. त्या दिवसापासून साधे बोट कापले तरी रक्त आपले आपण थांबेना. पाला लावून वैद्याने हात दाबून धरावा, तेव्हा कुठे जखम मिटे. अशा राज्यात खरे तर घरटी एक वैद्य हवा. पण शाप मोडायला सगळे तयार, शापात जगणाऱ्यांच्या जखमा बांधायला कोणी तयार नाही. शाहीर पोवाडे गात तेही तलवारीचेच. पाल्यावर पोवाडा कोण रचणार?

धुरपदेची एकुलती एक लेक शेवंता. तिला अठरावे लागले त्या चैत्रात धुरपदेने चटई झटकली, शेजारी जागा केली आणि वाट पाहिली. शेवंता तिच्या समोरून गेली आणि तलवारीच्या रांगेत उभी राहिली.

संध्याकाळी धुरपदा म्हणाली, "माझ्याकडे का आली नाहीस?"

"आई, तू लोकांना वाचवतेस आणि लोक तुला विसरतात. मला विसरलेलं आवडणार नाही."

धुरपदेला ते लागले. पण लेक खोटे बोलली नव्हती.

कपिलाक्षाला मारले की शाप सुटेल, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून दर तीन वर्षांनी एक चौकडी डोंगरावर जाई. चार निशाणांचे चौघे, असा जुना नियम. पण पानाचा माणूस मिळेना, धनुष्यवाल्यांना कोणी विचारीना. त्या जागीही तलवारीच जात. गेलेली एकही चौकडी परत आली नव्हती. दोन वर्षांनी चौकडी निघायची झाली. आखाड्यात पहिली आलेली शेवंता, दांडगा हैबती आणि मांत्रिक भैरवदत्त एवढे ठरले. चौथ्या जागेसाठी तलवारवाल्यांत भांडण जुंपले.

धुरपदा दरबारात उभी राहिली. "चौथी जागा पानाची आहे, महाराज. मी जाते."

राजा म्हणाला, "राज्यात तुम्ही एकट्या. तुम्ही गेल्यावर आमच्या जखमांचे काय?"

"हे विचारायला वीस वर्षे उशीर झाला, महाराज."

राजाने चौथी जागा तिला दिली. चौघे निघाले.

डोंगराच्या पायथ्याशी सुरीसारख्या धारदार पात्यांचे गवत लागले. हैबतीने तलवार फिरवली. कापलेल्या प्रत्येक पात्याला दोन फुटली. धुरपदेने सालीच्या पट्ट्या सर्वांच्या पायांना घट्ट बांधल्या आणि त्यांना हळूहळू चालवत पलीकडे नेले. मध्यावर दगडी दार लागले. ते भैरवदत्ताने मंत्राने उघडले, पण त्याची वाचा दारातच राहिली. पुढे तो केवळ खुणेने बोले. तिसरी अडचण राहिली ती माथ्यावरची गुहा.

गुहेत कपिलाक्ष आडवा पडला होता. हाडांची मोळी झालेला म्हातारा, बरगडीत शंभर वर्षांची ओली जखम. उशाशी भाला, भाल्यावर साळुंकी. शेवंता जे शिकली होती तेच तिने केले. ती धावली. तलवार त्या जुन्या जखमेत शिरली आणि म्हाताऱ्याचा भाला तिच्या मांडीत.

"थांब!" साळुंकी ओरडली, पण तोवर दोघे पडले होते. "याची ती पहिली जखम मिटली, की राज्यातली हरेक जखम मिटेल. हा मेला, तर शाप कधीच सुटणार नाही. आजवर जो आला त्याने वारच केला. औषध घेऊन कोणीच आले नाही."

धुरपदेचे हात केव्हाच लेकीच्या मांडीवर होते. रक्त थांबू लागले होते. तिने हात तसेच ठेवले असते तर शेवंता वाचली असती, आणि ते तिला पुरते ठाऊक होते.

"आई, त्याच्याकडे जा," शेवंता म्हणाली. "त्याची मिटली की माझीही मिटेल."

"तोवर तुझं काय?"

"हैबती आहे ना."

धुरपदेने हैबतीला ओढून बसवले, त्याच्या तळव्याखाली पाला ठेवला आणि हात जागेवर दाबला. "इथं धर. मी सांगेपर्यंत उचलायचा नाही. थांबलं का, म्हणून बघायचंसुद्धा नाही."

"नाही उचलणार, वैदीणबाई."

ती म्हाताऱ्याकडे वळली. जखम खोल होती, कडा जून झालेल्या. तिने बरगडीत पाला भरला आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबून धरले. म्हातारा लहान मुलासारखा कण्हू लागला. शंभर वर्षांत त्याला कोणी असे हात लावले नव्हते. कडा बोट बोट जवळ येऊ लागल्या.

इकडे हैबतीच्या तळव्याखालचे रक्त ओसरल्यासारखे वाटले. दहा लढाया जिंकलेला गडी, पण उभ्या जन्मात त्याने कोणाची जखम धरली नव्हती. थांबले का, एवढे बघावे म्हणून त्याने हात उचलला. एकदाच उचलला, आणि रक्ताची जी धार उसळली ती पुन्हा दाबून थांबेना.

त्याच्या किंकाळीवर धुरपदेने मान वळवली. हात मात्र तिने काढले नाहीत. काढले असते तर दोघेही गेले असते. तिने नुसते "शेवंता" म्हटले. शेवंताने आईकडे बघितले आणि ती बघतच राहिली.

आणखी दहा श्वास गेले. मग जादूगाराची जखम मिटली.

खाली राज्यात चुलीपुढच्या बायकांनी चिंध्या सोडल्या, तर खाली कोरडी कातडी. सुताराचा अंगठा मिटला. घोड्यांच्या पाठी मिटल्या. राजवाड्यातला सुवर्णघट मातीचा झाला. कपिलाक्षाने हात जोडले आणि निवांत डोळे मिटले. लोक रस्त्यात नाचले, राजाने गुढ्या उभारल्या, राज्याची घडी पुन्हा बसली. ती अजून तशीच आहे म्हणतात.

गुहेत हैबती कपाळ जमिनीवर आपटत होता. "मी बघायला गेलो, वैदीणबाई. नुसतं बघायला गेलो."

"तुला कुणी शिकवलं नव्हतं रे," धुरपदा म्हणाली. तिला त्याच्यावर रागही धरता येईना.

तिने पाणी मागितले आणि लेकीचे अंग धुवायला घेतले. मांडीवरचे रक्त पुसले. पुन्हा पुसले. मग बोटे फिरवून ती बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. भैरवदत्ताने खुणेने विचारले, काय?

मांडी नितळ होती. राज्यातल्या साऱ्या जखमांबरोबर शेवंताचीही जखम मिटली होती.