राजवाड्यापुढची हिरवळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कोरड्या मुलखात एक राजा राज्य करत होता. त्या मुलखात पाऊस यायचा, पण पाहुण्यासारखा. चार दिवस राहायचा आणि निघून जायचा. साऱ्या नगराची तहान एका तळ्यावर भागत असे.

राजाची राणी मात्र दूरच्या हिरव्यागार देशातून आली होती. लग्न होऊन आली त्या दिवशी तिने राजवाड्याच्या सज्ज्यातून बाहेर पाहिलं. समोर उघडा माळ आणि तांबडी धूळ. तिचे डोळे भरून आले. राजाने ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात हुकूम सोडला, "राजवाड्यापुढे गवत लावा. बारा महिने हिरवं राहिलं पाहिजे. सुकलं तर बागेची राखण करणाऱ्याला या राज्यात जागा नाही."

बागेची राखण कोंडाई नावाच्या म्हाताऱ्या माळिणीकडे होती. तिने गवत लावलं आणि जगवलं. रोज सकाळी वीस बैल पाठीवर पखाली घेऊन तळ्याच्या पायऱ्या चढत आणि त्या कातडी पिशव्यांतलं सगळं पाणी गवतावर रिकामं होई. दुपारपर्यंत माती पुन्हा कोरडी पडे. मग बैल पुन्हा तळ्याकडे वळत.

अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी पाऊस फारच थोडा झाला. चैत्रातच तळ्याचा तळ दिसू लागला.

एके सकाळी कोंडाई आपली घागर घेऊन तळ्यावर गेली. रंगारी आळीतली एक बाई खाली वाकून वाटीवाटीने पाणी गोळा करत होती. दोघींची जुनी ओळख होती.

"परवा आम्ही निघतोय, कोंडाई," ती बाई म्हणाली. "गाडीत सामान भरून झालंय. प्यायलाच पाणी नाही, तिथे कापड कशाने रंगवायचं?"

"कुठे जाणार?"

"जिथे पाणी असेल तिथे. आळीतली सगळीच घरं निघालीत."

तेवढ्यात राजवाड्याचे बैल पखाली भरून दोघींच्या समोरून गेले. पखालींतून पाणी ठिबकत होतं. कोंडाई त्यांच्या मागोमाग चालत राहिली आणि बागेच्या फाटकाशी येताच आडवी उभी राहिली.

"बैल फिरवा," ती पखालवाल्यांना म्हणाली. "हे पाणी रंगारी आळीत नेऊन रिकामं करा. उद्याही तिथेच."

"म्हातारे, राजाचा हुकूम ठाऊक आहे ना?"

"हुकूम माझ्यासाठी आहे. तुम्हाला कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

बैल फिरले. पाणी आलं तशी रंगाऱ्यांनी निघणं चार दिवस पुढे ढकललं, पण भरलेल्या गाड्या तशाच उभ्या ठेवल्या. चार दिवसांत गवत पिवळं पडलं. कोंडाईने आपल्या लुगड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आणि बोलावण्याची वाट पाहत बसली.

बोलावणं राणीकडून आलं. राजाही तिथेच बसला होता.

"कोंडाई, गवत का सुकलं?" राणीने विचारलं.

कोंडाईने सगळं सांगितलं. रोजचे वीस बैल, तळ्याचा तळ, वाटीने भरलेलं पाणी, भरून तयार असलेल्या गाड्या. शेवटी ती म्हणाली, "मी सात वर्षं गप्प बसले. भ्याले होते. आता जी शिक्षा असेल ती द्या."

राणी राजाकडे वळली. "मला वाटायचं, हे बैल जवळच्या कुठल्या झऱ्याचं पाणी आणतात. कधी विचारलंही नाही, ही माझी चूक. आणि खरं सांगू? मला त्या गवताची ओढ कधीच नव्हती. माहेरचं गवत पावसावर वाढायचं. हे पाहिलं की उलट माहेर फार लांब आहे असं वाटायचं. तुम्ही एवढ्या हौसेने केलंत, म्हणून मी बोलले नाही."

राजा तिच्याकडे पाहतच राहिला. "दर उन्हाळ्यात माझा जीव टांगणीला लागायचा," तो म्हणाला. "गवत सुकलं तर तुम्ही पुन्हा रडाल, या भीतीने मी ते जगवत होतो."

आणि राजाला हसू आलं. त्याला पाहून राणीही हसली. कोंडाईला काय करावं कळेना, ती तशीच हात जोडून उभी राहिली. तेव्हा राणीने तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "मग तिथे आता काय लावायचं?"

"माळावर कुणी न लावता जे उगवतं ते," कोंडाई म्हणाली.

पाऊस येताच तिने माळावरून तरवडाची रोपं आणली, कोरफड आणली, निवडुंग आणि बोरी लावल्या. मधल्या वाटांवर मुरूम पसरला. दरबारी नाकं मुरडू लागले. पहिला उन्हाळाभर ती बाग खरंच ओकीबोकी दिसली आणि राणीच्याही मनात एकदोनदा शंका येऊन गेली. पण दोन पावसाळे गेले तसा तरवड पिवळ्या फुलांनी लगडला. बोरींवर पाखरं उतरली. मग राणी संध्याकाळी मुरमाच्या वाटेवरून अनवाणी फिरू लागली. बागेला पखालीचं पाणी लागलं ते फक्त रोपं रुजेपर्यंत.

रंगारी आळीतल्या गाड्या मात्र कोंडाईला बोलावणं आलं त्याच दिवशी रिकाम्या झाल्या होत्या. राजाने स्वतः जाऊन रंगाऱ्यांना थांबवलं होतं आणि बैलांच्या खेपा पाऊस येईपर्यंत आळीकडेच चालू ठेवल्या होत्या. पुढेही कमी पावसाची वर्षं आली, पण वैशाखातसुद्धा तळ्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात असत आणि बाया घागरी बुडवून पाणी भरत. नगर सोडून कुणी गेलं नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: आपल्या पाण्याला झेपेल तेवढीच शोभा मांडावी, आणि झेपत नसेल तर ते वेळेवर बोलून दाखवावं.