चेअरमनची जीप आणि गफूरचा पाना

गफूर मेस्त्रीचं नाव निघालं की अजून माझ्या पोटात दुखतं. साखर कारखान्याच्या चेअरमनच्या जीपच्या चाकाचे नट गंजून बसले होते. चेअरमन नरसिंगराव गुरगुरले, "माझ्या पेटीतलं एकच हत्यार घ्यायचं. नट सोडवील त्याला कारखान्याच्या सगळ्या गाड्यांचं काम!"

मीही मेस्त्रीच; झपकन चकचकीत विलायती पाना उचलला. जोर लावला, तर त्याचा जबडाच फाकला.

गफूरनं लांब दांड्याचा साधा पाना नटावर आडवा बसवला. "साहेब, आता दांड्यावर उभे राहा."

"मी? एकच हत्यार म्हणालो होतो!"

"एकच आहे की. तुम्ही काय हत्यार आहात?"

माणसं फिदीफिदी हसली. नरसिंगराव चडफडत चढले, तसा नट करकरत सुटला.

काम गफूरला गेलं. च्यायला, साहेबांची ती ढेरी मलाही दिसत होती की!