यादीत नसलेलं नाव

नाताळच्या प्रीतिभोजनाला करुणाबाईंनी माळावर उतरलेल्या ऊसतोड मजुरांनाही बोलावून पंगतीत बसवलं. ते पाहून चर्चच्या मंडळीचे पंच शलमोनराव तडकले.

"मंडळीच्या यादीत नाव असेल तेच जेवतील. बाकीच्यांना उठवा."

मजूर चुळबुळ करू लागले. करुणाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आवाज त्यांनी शांतच ठेवला.

"उठवते. पण मग आजची प्रार्थना तेवढी बदला, शलमोनराव. दरवर्षी तुम्ही म्हणता, 'प्रभू येशू, आमच्या पंगतीला ये.' तो खरंच आला तर? यादीत त्याचं नाव नाही. मला त्याला दारातूनच परत पाठवावं लागेल."

पंगतीत हशा पिकला. शलमोनराव ओशाळले, मग स्वतःही हसले आणि भाताचं पातेलं घेऊन मजुरांना आग्रहानं वाढू लागले.