जेवायचा हात

फार वर्षांपूर्वी, बोरवंडाला वेससुद्धा नव्हती तेव्हा, आपली गढी उभी राहिली. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, चार कोपऱ्यांना चार बुरूज. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर इतका घातला होता की मुंग्या वर्षानुवर्षं भिंत चाटत होत्या, असं म्हणतात. मुंग्यांचं राहू द्या, भिंत अजून उभी आहे हे खरं.

ती बांधली सुभाना पाथरवटानं. तरुणपणी त्याचा उजवा पंजा दगडाखाली चिरडला होता. तेव्हापासून हातोडा डाव्या हातात आणि घासही डाव्याच हातानं.

एका बुरुजातून जमिनीखाली जिना उतरत होता. तळाशी दोन वाटा. एक ओढ्यावर निघायची. दुसरी आंधळी, तिच्या टोकाला पाऊल पडलं की तोंडाशी शिळा कोसळायची. ती शत्रूसाठी होती. खरी वाट सुभानानं गढीच्या मालकांच्या, देशमुखांच्या, बाईसाहेबांना एकट्यांनाच सांगितली, "जिना उतरलात की जेवायच्या हाताला वळा."

एवढंच बोलला. आणखी एक शब्द बोलला असता तर!

पुढे एका चैत्र अमावस्येला, भर दुपारी पेंढारी आले. बाईसाहेब बायकापोरांना घेऊन जिना उतरल्या आणि ओरडल्या, "जेवायच्या हाताला चला!" सगळ्या उजवीकडे धावल्या. सर्वांत मागे सुभानाची लेक भिवरा होती, दोन्ही हातांना दोन पोरं धरून. ती जीव तोडून ओरडली, "बाईसाहेब, तिकडं जाऊ नगा! माझा बा डाव्या हातानं जेवतो!"

"गप गं! डाव्या हातानं कुणी जेवतं का?" पुढून एक बाई म्हणाली.

भिवरानं ती दोन पोरं डाव्या वाटेला लावली आणि स्वतः बाकीच्यांना माघारी आणायला उजवीकडे धावली. मग शिळा पडली.

ओढ्यावर सुभाना लेकीची वाट बघत उभा होता. ती दोनच पोरं बाहेर आली. काय झालं ते त्यांनी सांगितलं आणि सुभाना हातोडा घेऊन शिळेकडे धावला. शिळा त्यानंच निवडलेली, त्यानंच बसवलेली, ती फुटेना. बारा वर्षं तो घाव घालत राहिला आणि शेवटी शिळेनंच त्याला पोटात घेतलं, असं म्हणतात. बापलेकीची भेट झाली का, ते मात्र कुणी सांगत नाही.

बोरवंडातली निम्मी घरं त्या दोन पोरांची. आजही चैत्र अमावस्येला इथं पहिला घास सुभानाच्या नावानं डाव्या हातानं घेतात. पाहुणे नाकं मुरडतात, मुरडू देत. आणि वाट सांगताना कुणी परका "जेवायच्या हाताला वळा" म्हणाला, तर आपली म्हातारी माणसं पाऊल उचलत नाहीत. आधी विचारतात, "कुणाच्या?"