पाहुणीचं नाव

"पण बाई, मी काही चुकीचं सांगितलं का?"

"नाही."

"एखादी तारीख चुकली?"

"एकही नाही."

"मग त्या पाहुण्या बाई मध्येच निघून का गेल्या?"

बोगुमिला बाई वर्गाच्या खिडकीतल्या कुंडीची सुकलेली पानं खुडत होत्या. एक खुडलं, दुसरं खुडलं... त्सेझारी दारातच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

दोम्ब्रोविना हे पोलंडमधलं लहानसं गाव. एक नदी, एक चर्च, एक चौक आणि ही शाळा. बाई तिथं इतिहास शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, सांगायच्या थोडं आणि विचारायच्या फार. त्सेझारी दोम्ब्रोविनाच्या शाळेत नवा होता तेव्हा एका सकाळी त्यांनी सगळा वर्ग उचलून चौकात नेला होता.

"या घरांना चौकाकडं इतकी दारं कशाला?" त्यांनी विचारलं होतं. "एका घराला एक दार पुरत नाही?"

मुलं बघतच राहिली. त्या चौकातून ती रोज जात-येत होती. काही दारं विटा रचून बुजवलेली, काहींच्या खिडक्या झालेल्या. पण दारंच ती. एकेका घराला चार-चार. हे आजवर कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं.

ती दुकानं होती. एकेक दार म्हणजे एकेक दुकान, आणि बहुतेक दुकानं ज्यूंची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गावातली निम्मी माणसं ज्यू होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांतलं गावात कुणीच उरलं नव्हतं. पुढं गावानं तो विषयच टाकून दिला.

उत्तर मिळालं, बाकीची मुलं घरी गेली. त्सेझारी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेला.

सुट्टीमागून सुट्टी तो तिथं बसला. कुठल्या साली ज्यूंचं प्रार्थनामंदिर बांधलं, कुणी बांधलं, किती खर्च आला. कुठल्या दिवशी जर्मन शिपायांनी माणसांना चौकात उभं केलं आणि कुठल्या रस्त्यानं स्टेशनाकडं, छळछावणीच्या गाडीकडं चालवत नेलं... सगळं त्याला पाठ झालं. बाहेरून कुणी गाव बघायला आलं की मुख्याध्यापक त्यालाच पुढं करत. हातात चिठ्ठी न घेता तो तासभर बोले. ऐकणारे गप्प होत, काहींचे डोळे भरत. ते त्याला दिसे. खरं सांगायचं तर, आवडे.

आज शुक्रवारी दुपारी एक म्हातारी बाई एकटीच आली होती. करड्या केसांची, ताठ पाठीची. पोलिश बोलत होती, पण जुन्या वळणाचं. ज्यू आहे आणि लांबून आली आहे, एवढंच मुख्याध्यापकांनी सांगितलं.

त्सेझारीनं तिला गावभर फिरवलं. चौकात तो प्रार्थनामंदिराबद्दल बोलला. नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांबद्दल. शेवटी तो स्टेशनाच्या रस्त्याला आला आणि त्या दिवसाची तारीख, वेळ, पाऊस, सगळं सांगू लागला. त्याचा आवाज त्या ठिकाणी नेहमी जरा खाली उतरायचा.

म्हातारीनं हात वर केला.

"पुरे, बाळा," ती म्हणाली. आणि वळून चालू लागली.

"मी त्यांना थांबवलं नाही," त्सेझारी आता सांगत होता. "काय म्हणून थांबवणार? पण बाई, आजपर्यंत असं कुणी केलं नव्हतं."

बोगुमिला बाईंनी हातातली सुकी पानं टेबलावर ठेवली. मग त्या आपल्या खुर्चीकडं न जाता मुलांच्या बाकांकडं गेल्या, पहिल्या रांगेतल्या बाकावर अंग चोरून बसल्या आणि त्यांनी विद्यार्थ्यासारखं बोट वर केलं.

त्सेझारी गोंधळला. फळ्याजवळ तो होता, बाकावर बाई.

"मी एक विचारू?"

"विचारा ना, बाई."

"त्यांचं नाव काय?"

त्सेझारीनं तोंड उघडलं.

...

बाहेर मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं.

"मी... मी माझं सांगितलं होतं," तो म्हणाला.

बाई बाकावरून उठल्या नाहीत. बोटही त्यांनी खाली घेतलं नाही.

त्सेझारी पळत सुटला.

म्हातारी नदीकाठच्या लिंडनच्या झाडाखाली बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तो धापा टाकत समोर उभा राहिला.

"काही राहिलं का सांगायचं?" तिनंच विचारलं.

"नाही. विचारायचं राहिलं... तुमचं नाव?"

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. पहिल्यांदाच पाहावं तसं.

"तिकडं मला रोसा म्हणतात. समुद्रापार, मॉन्टेव्हिडिओत. इथं रायझ्ला होते." आणि मग, जरा थांबून, "खोगीरवाल्या लाइबची रायझ्ला."

"इथं? म्हणजे या गावात?"

"त्या बुजवलेल्या दारांपैकी एक आमचं. चर्चच्या बाजूनं दुसरं. तू मला त्याच्यासमोर उभं करून मंदिराच्या खांबांबद्दल सांगत होतास."

मघाशी बोलता बोलता ज्या माणसांना त्सेझारीनं स्टेशनाच्या रस्त्यानं चालवत नेलं होतं...

"तुमच्या घरचे..."

"मला बाराव्या वर्षी तिकडं मावशीकडं धाडलं. बाकी सगळे इथंच राहिले. आई, बाबा, दोघं भाऊ." ती नदीकडं बघत म्हणाली. "तू तोंड पाडू नकोस. तुझ्यामुळं मला तारीख कळली. आम्ही आपल्या माणसांसाठी वर्षातून एकदा दिवा लावतो. मला कुणीतरी अंदाजानं एक दिवस सांगितला होता. इतकी वर्षं मी चुकीच्या दिवशी दिवा लावत होते."

सांगण्यासारखं त्सेझारीकडं खूप होतं. सालं होती, आकडे होते. त्यातलं काहीच इथं उपयोगाचं वाटेना. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली. आज शुक्रवार होता. संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो, मग दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही. हे तो शंभरदा बोलला होता. पण...

"शुक्रवारी या वेळी तुम्ही काय करत असायचात?"

म्हातारीची मान झटकन वळली.

"शुक्रवारी? या वेळी?" तिनं सावल्या कुठवर आल्यात ते पाहिलं. "या वेळी मी पातेलं घेऊन धावत असायचे."

"कुठं?"

"मोत्केच्या भट्टीवर. आणखी कुठं?"

आणि ती सांगू लागली. शनिवारी चूल पेटवायची नाही, पण जेवण तर गरम हवं. म्हणून शुक्रवारी घरोघरच्या बायका घेवडा, जव, बटाटे आणि जमलं तर मांस एका पातेल्यात भरायच्या, झाकण कणकेनं लिंपून टाकायच्या. मग सगळ्या गल्लीची पोरं ती पातेली मोत्के पाववाल्याकडं पोचवायची. मोत्के ती भट्टीत सारायचा आणि भट्टीचं तोंड मातीनं बंद करायचा. रात्रभर ते रटरटायचं. शनिवारी दुपारी भट्टी फोडली की तो वास...

"कसा होता?"

"काय?"

"वास."

तिनं डोळे मिटले. "धुरकट. थोडा गोड. कांदा तळाला लागून करपायचा ना... सगळा चौक वेडा व्हायचा. तुमची कॅथलिक कुत्रीसुद्धा शब्बाथ पाळायची."

त्सेझारी हसला आणि लगेच दचकून गप्प झाला. या विषयावर आजवर तो कधी हसला नव्हता.

"हस ना," ती म्हणाली. "आम्ही नाही हसायचो की काय?"

"इतक्या पातेल्यांत आपलं कसं ओळखायचं?"

"अगदी बरोबर विचारलंस!" तिनं हातावर हात मारला. "कडीला तार गुंडाळलेली असायची. आमच्या कडीला एक वेढा. लाकूडवाल्या झिल्बर्श्टाइनच्या कडीला दोन. एका शनिवारी मी धांदरटासारखी दोन वेढ्यांचं उचलून आणलं. आईनं झाकण काढलं तर आत हे एवढं मांस! बदकाची मान, आत सारण भरलेली! बाबा म्हणाले, परत दे. आई म्हणाली, आता झाकण निघालंय, लोक काय म्हणतील. तोवर धाकट्यानं मानेचा लचका तोडलेला होता."

"मग?"

"मग काय, खाल्लं. पोट फुटेस्तोवर. आणि दुसऱ्या दिवशी आई लाजेनं अर्धी होऊन झिल्बर्श्टाइनच्या बायकोकडं माफी मागायला गेली. ती बाई काय म्हणाली असेल, सांग."

त्सेझारीनं मान हलवली. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

"म्हणाली, आमचा नवरा विचारतोय, पुढच्या शनिवारी पण तुमचं हेच बटाट्याचं पातेलं मिळेल का?"

दोघं हसली. म्हातारीनं रुमालानं डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, कळत नव्हतं.

"आणि त्यानंतर..." त्सेझारीनं सुरुवात केली.

"त्यानंतरचं तू मघाशी सांगितलंस."

...

नदीवर वारा सुटला होता. झाडाची पानं उलटीसुलटी होत होती.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?" तिनं विचारलं.

"आई, बहीण. आणि आजोबा."

"आजोबा इथलेच?"

"जन्मापासून."

"मग माझ्याच वयाचे असतील. मोत्केच्या भट्टीचा वास त्यांनाही ठाऊक असणार."

"ते तेव्हाचं काही बोलत नाहीत."

"विचारलंस कधी?"

त्सेझारीनं पायानं वाळूत एक रेघ ओढली.

बस आली तेव्हा त्यानं तिला हात देऊन पायरी चढवली. "आजी, पुन्हा याल?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "या वयात?" आणि मग खिडकीतून वाकून म्हणाली, "तू पत्र लिही. पण सांगू नकोस काही. विचार."

तो शाळेत परतला तेव्हा बाई कुलूप लावत होत्या.

"रायझ्ला," तो लांबूनच ओरडला. "खोगीरवाल्या लाइबची रायझ्ला!"

आणि मग पायऱ्यांवर उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. पातेलं, तार, बदकाची मान, शेवटी आजोबांबद्दलचा तो प्रश्नही. बाईंनी किल्ली तशीच हातात धरून ऐकलं. बटाट्यावर आल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

"बाई, मला आता कळलं," त्सेझारी म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "पुढच्या पाहुण्यांना मी आधी ही पातेल्याची गोष्ट सांगणार. मग तारखा. सगळे कसे जागच्या जागी खिळतील, बघा!"

बाईंचं हसू हळूहळू ओसरलं.

त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली. कोटाची बटणं लावली, खालून वर. दोघं फाटकापर्यंत चालत आली.

"बाई... यातही काही चुकलं का?"

"नाही. छान गोष्ट आहे."

"मग?"

फाटकाशी दोन रस्ते फुटत होते. एक बाईंच्या घराकडं, एक त्सेझारीच्या. बाई आपल्या रस्त्याला लागल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"त्सेझारी."

"हो, बाई?"

"तुझे आजोबा जेवायला किती वाजता बसतात?"