ओढ्याची मोकळी बाजू

सागाच्या एका जंगलात रानडुकरांचा एक कळप राहत असे. कळपाचा सगळा कारभार एका थोरल्या डुकरिणीकडे होता. तिचे तोंड सतत चालू असे. कंद कडू निघाला तरी ती बोले आणि गोड निघाला तरी बोले. त्याच कळपात एक तरुण डुकरीण नुकतीच नांदायला आली होती. ती फारसे बोलत नसे, नुसती पाहत असे. "सूनबाई, तोंड माहेरी विसरून आलीस की काय?" असे थोरली विचारी आणि सगळा कळप नाके उडवून हसे. तरुण डुकरीण मान खाली घालून माती उकरत राही. मात्र ओढ्याकाठची टिटवी कोणी जवळ आले की अंड्यांवरून उठून घिरट्या घालते आणि लाकडे तोडायला येणारी माणसे करवंदीच्या मोठ्या जाळीला नेहमी वळसा घालून जातात, एवढे तिने आल्या आल्या पाहून ठेवले होते.

एके दिवशी सकाळी टेकडीकडून एकदम गलका उठला. ढोल वाजू लागले, पत्र्याचे डबे बडवले जाऊ लागले. डावीकडून आरोळ्या आल्या, उजवीकडूनही आल्या. ओढ्याची बाजू तेवढी शांत होती. "पिल्लांना मध्ये घ्या," थोरली म्हणाली. "आपल्या नेहमीच्या वाटेने ओढा उतरायचा." कळप निघाला, तोच तरुण डुकरीण वाटेत आडवी उभी राहिली. "आत्याबाई, तीन बाजू अडवल्या आणि चौथी आपल्यासाठी मोकळी सोडली. माणसं इतकी चांगली कधीपासून झाली? आणि ती टिटवी बघा. ओढ्यावर चिटपाखरू दिसत नाही, तरी ती अंड्यांवर बसत नाही. तिथं कोणीतरी दबा धरून बसलंय." मोठ्या सुळ्यांचा एक डुक्कर फुरफुरला, "काल आली आणि आज आम्हाला वाट शिकवते." थोरलीने मात्र वर पाहिले. टिटवी खरोखरच घिरट्या घालत होती. "मग जायचं कुठं?" तिने विचारले. "कुठंच नाही. करवंदीच्या जाळीत शिरायचं आणि गप्प बसायचं." "आणि माणसं आत आली तर?" "काट्यांना भितात ती. ज्याला आत यायचं असतं, तो एवढा ओरडत नाही."

सगळा कळप जाळीत दडला. डब्यांचा आवाज अगदी कानाशी आला आणि फांद्यांखालून दोन माणसांचे पाय दिसले. "आत शिरून बघ की रे," एक म्हणाला. "तू शीर. माझं धोतर नवं आहे." "मग दगड टाक. असलं काही तर निघेल बाहेर." दगड आला तो नेमका थोरलीच्या पाठीवर. कळपाने डोळे मिटून घेतले. मुंगी चावली तरी दिवसभर सांगत फिरणारी ती. आता नुसती हुंकारली असती, तरी पिल्लांसकट सगळ्यांना बाहेर पडावे लागले असते आणि पळायला ओढ्याशिवाय वाट नव्हती. थोरलीने नाक चिखलात खुपसले. आवाज म्हणून आला नाही. "काही नाही इथं," असे म्हणून ते पाय पुढे गेले.

थोड्या वेळाने कळपाच्या नेहमीच्या वाटेच्या दोन्ही अंगांची झुडपे हलली आणि त्यांतून बंदुका घेतलेली माणसे उठून उभी राहिली. "रान रिकामं निघालं, साहेब," कोणीतरी म्हणाले. मुलांनो, यालाच हाकारा म्हणतात : ओरडणारे एका बाजूला आणि मारणारे दुसऱ्या. माणसे एकमेकांना दोष देत निघून गेली. टिटवी खाली उतरून अंड्यांवर बसली, तेव्हा कुठे पिल्ले जाळीबाहेर आली. सुळेवाल्याने त्या वाटेकडे बराच वेळ पाहिले आणि तो म्हणाला, "मला आधीपासूनच शंका होती." थोरलीने पाठ झाडावर घासत सुस्कारा सोडला. "गप्प बसणं फार अवघड असतं गं. तू रोज कशी बसतेस?" "सवयीनं, आत्याबाई," तरुण डुकरीण म्हणाली. थोरलीने उकरून एक गोड कंद काढला, तिच्यापुढे सरकवला आणि त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही.

तात्पर्य : जो आपल्याला भेदरवून पळायला लावतो, त्याने आपली पळायची वाटही आधीच ठरवलेली असते, म्हणून पाय उचलण्याआधी क्षणभर थांबून नीट पाहावे.