वेळुंडीत कल्ल्याला साक म्हणतात

वेळुंडीच्या बाजारात माशाच्या कल्ल्याला कोणी कल्ला म्हणत नाही. गिऱ्हाईक टोपलीपुढे बसते आणि म्हणते, "बाय, साक दाखव." खाडीपलीकडे याच शब्दाचे 'साख' झाले आहे. शिकलेले लोक 'साक्ष' म्हणतात. पाहुण्यांना नवल वाटते, मग गावातले म्हातारे धाकूबाबा ही गोष्ट सांगतात.

फार पूर्वी पोशी नावाची एकटी कोळीण इथे बसत असे. नवरा दर्याने नेलेला, पदरात ना पोर ना होडी. बाजारातली ती हातभर जागा हेच तिचे जगणे. एकदा गावच्या नाखव्याकडे, म्हणजे होड्यांच्या मालकाकडे, लग्नाची हळद होती. त्याने पोशीकडून दहा रावस घेतले. शेजारी बसणाऱ्या चौघी कोळणींनी कल्ले उघडून पाहिले, ताज्या माशाचे असतात तसे जास्वंदीसारखे लाल होते. गिऱ्हाइकाचा त्रास वाचावा म्हणून पोशीने मासे तिथेच साफ करून दिले आणि डोकी, कल्ले रिवाजाप्रमाणे भरतीला सोडले.

नाखवा पैशाने मोठा, मनाने कवडीचा. त्याने घरातले दोन दिवसांचे शिळे मासे त्यातच मिसळले, असे सांगतात. जेवणानंतर नवरीचा काका दगावला. पंच बसले आणि नाखव्याने पोशीकडे बोट दाखवले.

कल्ले असते तर तिने पुढे ठेवले असते. ते तर तिच्याच हाताने पाण्यात गेले होते. ती चौघींकडे वळली. पण चौघींचे नवरे नाखव्याच्याच होड्यांवर. चौघींनी माना खाली घातल्या. पंचांनी पोशीची जागा काढून घेतली.

पोशी रडली नाही म्हणे. एवढेच बोलली, "मासा मेला तरी गाल उघरून खरा सांगतो. तुमी जित्या हाव ना गो?"

त्याच दिवशीच्या ओहोटीला ती चिखल तुडवत खाडीपार गेली. पुन्हा कोणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने त्या चौघींतल्या एकीला कल्ला दाखवायला सांगितले, तर तो शब्दच तिच्या तोंडातून फुटेना. "ही साक बघ," एवढे कसेबसे म्हणाली. तेव्हापासून तोच शब्द राहिला.

पोशीला शोधायला मात्र कोणी गेले नाही. गावाने तिला एक शब्द दिला आणि सुटका करून घेतली, असे धाकूबाबा म्हणतात. आजही वेळुंडीची कोळीण साक दाखवताना मान खाली घालते. आजही पोशीच्या जागेवर नाखव्याच्या घरच्याच बायका बसतात.